कॅको-२ पेशींचे तीन आठवडे: बृहदांत्राच्या कर्करोगपेशीतील विभेदन आणि जनुकांची बदलती अभिव्यक्ती

या प्रकरण अभ्यासात एकाच सेल लाइनच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशाच्या, एकाच टप्प्याचा विचार केला आहे. कॅको-२ या मानवी कर्करोगपेशी संवर्धनपात्राचा तळ पूर्णपणे व्यापून एकमेकींना चिकटल्या की पुढच्या सुमारे तीन आठवड्यांत त्यांच्यातील जनुकांची अभिव्यक्ती कशी बदलते, ती का बदलते आणि त्या बदलाला विभेदन, म्हणजे पेशीने परिपक्व होऊन विशिष्ट काम स्वीकारणे, म्हणणे कितपत योग्य आहे, हे येथे पाहायचे आहे. हे प्रकरण निवडण्यामागे एक विसंगती आहे. या पेशींमधील कर्करोगकारक उत्परिवर्तने पहिल्या दिवशी जशी असतात तशीच एकविसाव्या दिवशीही असतात. त्यांना कोणतेही औषध दिलेले नसते आणि कोणतेही जनुक दुरुस्त केलेले नसते. तरीही झपाट्याने वाढणारी ही पेशी विभाजन थांबवते आणि आतड्यातील शोषक पेशीची बरीचशी कामे करू लागते.

प्रकरणाची पार्श्वभूमी

कॅको-२ पेशींचे मूळ ७२ वर्षांच्या एका पुरुष रुग्णाच्या बृहदांत्रातील ग्रंथिकर्करोगात आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गन फॉग यांनी १९७० च्या दशकात मानवी गाठींपासून अनेक सेल लाइन तयार केल्या, त्यांतली ही एक. पिंटो, झ्वाइबाउम आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या पेशींचे वेगळेपण दाखवून दिले. बृहदांत्राच्या बहुतेक सेल लाइनना विभेदनाकडे वळवण्यासाठी पोषकद्रावात बदल करावा लागतो किंवा एखादे रसायन घालावे लागते. कॅको-२ पेशी मात्र दाटी झाल्यावर आपण होऊनच त्या वाटेला लागतात. १९८९ मध्ये हिडाल्गो, राऊब आणि बोर्चार्ट यांनी सच्छिद्र पटलावर वाढवलेला या पेशींचा थर आतड्यातील शोषणाचा नमुना म्हणून मांडला आणि त्यानंतर औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांत ही सेल लाइन सर्वत्र रुळली. या उपयोगामुळे ती मुळात कर्करोगाची पेशी आहे ही गोष्ट पुष्कळदा मागे पडते.

तिच्यातील जनुकीय बिघाड किरकोळ नाहीत. एपीसी हे जनुक २८४३ अमिनो आम्लांचे प्रथिन घडवते, पण कॅको-२ मध्ये ते १३६७ व्या जागीच तुटते, त्यामुळे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा नाश घडवून आणणाऱ्या संचात त्याला नीट सहभागी होता येत नाही. बीटा-कॅटेनिनच्या जनुकातही एक उत्परिवर्तन आहे. बिघडलेल्या पेशींचे विभाजन रोखणाऱ्या पी५३ चे प्रथिन अपुरे राहते आणि स्मॅड४ मधील उत्परिवर्तनामुळे टीजीएफ-बीटा या वाढ रोखणाऱ्या संदेशाला मिळणारा प्रतिसाद बिघडलेला असतो. पेशीपर्यंत वाढीचा संदेश पोहोचवणारे केरास हे जनुक मात्र यात निर्दोष आहे. बृहदांत्राच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत एपीसी बिघडलेले आढळते; त्यामुळे कॅको-२ हा अपवादात्मक आजाराचा नमुना नाही, नेहमीच्या आजाराचाच आहे.

निरोगी अस्तरात काय घडते

तुलनेसाठी निरोगी बृहदांत्राचे अस्तर डोळ्यांपुढे ठेवावे लागेल. या अस्तरात क्रिप्ट नावाच्या खोलगट, नळीसारख्या असंख्य ग्रंथी असतात. क्रिप्टच्या तळाशी मूलपेशी असतात, त्यांच्या वर काही काळ वेगाने विभाजित होणाऱ्या पेशी असतात आणि जसजशी पेशी वर सरकते तसतशी ती विभाजन सोडून शोषक पेशी, श्लेष्मा स्रवणारी गॉब्लेट पेशी किंवा संप्रेरक स्रवणारी पेशी बनते. हा प्रवास काही दिवसांचा असतो आणि शेवटी पेशी पृष्ठभागावरून गळून पडते. तळाशी विंट हा संदेशमार्ग जोरात असतो, वर तो मंदावतो आणि बीएमपी या दुसऱ्या मार्गाचा संदेश वाढतो. विंटचा संदेश मिळाला की बीटा-कॅटेनिन नष्ट न होता साठते, केंद्रकात जाते आणि टीसीएफ-४ या प्रथिनाच्या जोडीने विभाजनाला चालना देणारी जनुके चालू करते. एपीसी तुटले की बाहेरून संदेश नसतानाही हेच घडत राहते. उट्रेख्टमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००२ मध्ये कर्करोगपेशींत टीसीएफ-४ चे कार्य रोखून पाहिले, तेव्हा पेशींचे विभाजन थांबले आणि त्या विभेदनाकडे वळल्या. मिक या जनुकाची पातळी उतरली की त्याने दाबून ठेवलेले पी२१ वर येते आणि पी२१ विभाजनाला लगाम घालते, ही साखळी त्या कामातून पुढे आली. तिचा अर्थ असा की विंटच्या अखंड रेट्यामुळे कर्करोगपेशी क्रिप्टच्या तळाच्या अवस्थेत अडकून पडते.

प्रकरणाचा क्रम

पात्रात विरळ पेरलेल्या कॅको-२ पेशी पहिले काही दिवस वाढत असतात. या काळात डीएनएची प्रत काढणारी, गुणसूत्रे विभागणारी, न्यूक्लिओटाइड तयार करणारी आणि रायबोसोम घडवणारी जनुके जोमात असतात. तळ भरत आला की शेजारी पेशींमध्ये ई-कॅड्हेरिनचे सांधे तयार होतात, मग घट्ट सांधे बसतात आणि पेशीला वरची व खालची अशा दोन वेगळ्या बाजू मिळतात; हीच तिची ध्रुवता. वरच्या बाजूवर सूक्ष्म अंकुरांची दाट किनार उगवते. विलिनसारखी, त्या किनारीचा सांगाडा धरणारी प्रथिने योग्य जागी जमा होतात.

याच सुमारास विभाजनाशी निगडित जनुकांचा मोठा गट खाली येतो आणि पी२१ सारखे अवरोधक वर जातात. त्यामागून शोषक पेशीची खूण असलेली जनुके चढू लागतात. सुक्रेज-आयसोमाल्टेज, अल्कलाइन फॉस्फेटेज, अमिनोपेप्टिडेज-एन आणि डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४ ही किनारीवरची एन्झाइमे, स्निग्धाम्ले वाहून नेणारी प्रथिने, अपोलिपोप्रोटीन ए-१ व ए-४, लहान पेप्टाइड आत घेणारा पेप्ट-१ हा वाहक, तसेच बाहेरून आलेल्या रसायनांचा निचरा करणारी अनेक प्रथिने यांचा त्यात समावेश होतो. ही सगळी जनुके एकाच दिवशी चढत नाहीत. सांधे आणि ध्रुवता यांची तयारी आधी होते, चयापचयाची घडी मागून बदलते आणि एन्झाइमांची क्रियाशीलता तर एमआरएनएच्या (जनुकाच्या आरएनए-प्रतीच्या) बरीच मागे रेंगाळत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढत राहते. त्यामुळे केवळ पाचव्या आणि एकविसाव्या दिवशीचे नमुने घेऊन मधला काळ सोडून दिला, तर कोणता बदल कारण आहे आणि कोणता परिणाम, हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. माझ्या मते या विषयावरील पुष्कळ मोजमापांची खरी उणीव येथेच आहे. उपकरणे उत्तम असतात, पण काळाच्या अक्षावर बिंदू दोनच असतात.

या चढणाऱ्या जनुकांमागे कोणते नियंत्रक आहेत, हे सुक्रेज-आयसोमाल्टेजच्या उदाहरणावरून चांगले समजते. त्याच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर, सीडीएक्स२, एचएनएफ१-अल्फा आणि गाटा-४ ही प्रथिने एकत्र काम करतात. यातले सीडीएक्स२ वाढत्या पेशींतही हजर असते, तरी सुक्रेज तेव्हा जवळजवळ गप्प असते. म्हणजे नियंत्रक केंद्रकात असणे पुरेसे नाही. त्याच्यावर कोणते रासायनिक बदल झाले आहेत, त्याला जोडीदार कोण मिळाला आहे आणि त्या जागेचे क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिने) उघडे आहे की मिटलेले, यांवर सारे अवलंबून असते. नियंत्रकाची पातळी मोजून त्याच्या कार्याविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

बिघाड कायम असताना बदल कसा होतो

आता मूळ विसंगतीकडे वळतो. एपीसी तुटलेले आहे, बीटा-कॅटेनिन मुबलक आहे आणि विंटचा मार्ग सतत चालू राहायला हवा. तरीही अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील मारियाडेसन, ऑगेनलिश्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे दाखवले की कॅको-२ पेशी विभेदित होत असताना बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ यांच्या जोडीची क्रियाशीलता उतरते. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेफ, नेल्सन, ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी या पेशींच्या ध्रुवीकरणाचा जनुकसमूहाच्या पातळीवर मागोवा घेतला. वाढत्या कॅको-२ पेशींचा अभिव्यक्तीचा आराखडा बृहदांत्राच्या गाठींशी जुळतो, तर ध्रुवीकरण झालेल्या पेशींचा निरोगी बृहदांत्राच्या अस्तराशी जुळू लागतो, असे त्यांना आढळले. पेशी-पेशींच्या संपर्कातून येणारे संकेत विंट आणि टीजीएफ-बीटा या मार्गांतील उत्परिवर्तनांवरही मात करू शकतात, हा त्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे आणि तो मला आजही थक्क करतो.

याची यांत्रिक बाजू समजण्यासाठी बीटा-कॅटेनिनची दुहेरी भूमिका ध्यानात घ्यावी लागते. केंद्रकात ते जनुके चालू करते, तर पेशीपटलाजवळ ते ई-कॅड्हेरिनला बांधून शेजारणीशी असलेला सांधा टिकवते. दोन्ही कामांसाठी प्रथिन तेच आहे आणि एका वेळी ते दोन्हीकडे असू शकत नाही. सांधे वाढले की पटलाकडे अधिक बीटा-कॅटेनिन गुंतून राहते आणि केंद्रकासाठी कमी उरते. नाश करणारा संच मोडलेला असला तरी साठ्याचे वाटप बदलण्याची वाट अशी मोकळी राहते. हे स्पष्टीकरण मला पटते, मात्र ते एकटे पुरेसे वाटत नाही. दाटीमुळे पेशीचा आकार आणि तिच्यावरचा ताण बदलतो, त्यातून हिप्पो या संदेशमार्गातील, वाढीला चालना देणाऱ्या यॅप या प्रथिनाला केंद्रकाबाहेर ठेवले जाते. शिवाय वाढीच्या घटकांचे ग्राही पेशीच्या खालच्या आणि बाजूच्या पटलावर सरकतात, त्यामुळे वरच्या द्रावातील संदेश त्यांच्यापर्यंत तितका पोहोचत नाही. यांतला कोणता धागा किती भार उचलतो हे वेगळे करायचे असेल, तर प्रत्येक धागा स्वतंत्रपणे तोडून पाहावा लागेल.

कोणत्या पेशीसारखी?

येथपर्यंतचे वर्णन वाचून कॅको-२ पेशी निरोगी बृहदांत्राच्या पेशीत रूपांतरित होते असे वाटेल, आणि तो समज दूर करणे आवश्यक आहे. प्रौढ मानवी बृहदांत्रात सुक्रेज-आयसोमाल्टेज सहसा नसते. ते लहान आतड्याचे एन्झाइम आहे. मात्र गर्भाच्या बृहदांत्रात काही काळ लहान आतड्यासारखे रसांकुर असतात आणि तेथे हे एन्झाइमही व्यक्त होते. कॅको-२ पेशी विभेदित होताना याच गर्भकालीन आराखड्याच्या जवळ जाते. उलट तिच्या थराचा विद्युत अवरोध (सांधे किती घट्ट आहेत याचे माप) लहान आतड्यापेक्षा बराच जास्त, बृहदांत्राकडे झुकणारा असतो. श्लेष्म्याचे मुख्य प्रथिन म्युक-२ तिच्यात नगण्य असते. औषधांच्या चयापचयात महत्त्वाचे असलेले सायटोक्रोम पी४५० ३ए४ हेही फार कमी असते, जरी जीवनसत्त्व ड च्या सक्रिय रूपाने ते वाढवता येते. एका पेशीत दोन अवयवांची आणि दोन वयांची लक्षणे अशी एकत्र सापडतात. स्टॅनफर्डच्या कामातील साम्य शेकडो जनुकांच्या एकत्रित कलाचे आहे. एकेका जनुकाकडे पाहिले तर विसंगती लगेच दिसते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि लेखनात त्यांपैकी एकच मांडणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरते.

मोजमापातील अडचणी

१९९२ मध्ये वाशों आणि बोलिए यांनी कॅको-२ च्या थरात विभेदनाचे तात्पुरते ठिपकेदार चित्र असते हे दाखवले. तळ भरल्याच्या सुमारास काही पेशींत किनार आणि सुक्रेज आलेले असते, तर त्यांच्या शेजारणींत त्यांचा मागमूसही नसतो. पुढच्या काही आठवड्यांत थर हळूहळू एकसारखा होतो. या निरीक्षणाचा परिणाम गंभीर आहे. संपूर्ण पात्रातील पेशी फोडून आरएनए काढले आणि सुक्रेज दहापट वाढलेले आढळले, तर प्रत्येक पेशीत ते दहापट वाढले की पूर्वी शंभरात पाच पेशी व्यक्त करत होत्या त्या आता पन्नास झाल्या, हे त्या आकड्यातून कळत नाही. पहिल्या स्थितीत जनुकाचा वेग बदलला आहे, दुसऱ्या स्थितीत निर्णय घेणाऱ्या पेशींची संख्या बदलली आहे; दोहोंची यंत्रणा वेगळी असू शकते. एकपेशीय आरएनए क्रमवाचन आणि जागेवरच केलेले प्रतिपिंड-रंजन यांमुळे आता हा भेद करता येतो आणि तो करायलाच हवा.

ज्याला स्थिर मानून त्याच्या तुलनेत इतर जनुके मोजतात, त्या संदर्भजनुकाची निवड हीदेखील दिसते तितकी निरुपद्रवी बाब नाही. जीएपीडीएच हे ग्लुकोज विघटनाच्या मार्गातील जनुक आहे आणि अ‍ॅक्टिन हा पेशीच्या सांगाड्याचा घटक आहे. विभेदनात चयापचय आणि सांगाडा या दोन्ही गोष्टी बदलतात. मग त्याच दोहोंना स्थिर मानून इतर जनुके मोजली, तर पट्टीच लांब-आखूड होत असताना कापड मोजल्यासारखे होते. निदान दोन-तीन वेगवेगळ्या कार्यांची जनुके घेऊन ती याच कालक्रमात स्थिर राहतात का, हे आधी तपासले पाहिजे. वाढत्या आणि थांबलेल्या पेशीतील एकूण आरएनएही सारखे नसते, त्यामुळे समान वजनाचे आरएनए घेणे म्हणजे समान पेशी घेणे नव्हे.

ब्युटिरेटशी तुलना

याच प्रश्नाचा दुसरा रस्ता ब्युटिरेटचा आहे. बृहदांत्रातील जिवाणू तंतुमय पदार्थांपासून हे लघु स्निग्धाम्ल बनवतात आणि निरोगी अस्तरपेशी ते इंधन म्हणून वापरतात. कर्करोगपेशी ग्लुकोजवर अधिक विसंबून असल्याने त्यांच्यात ते न जळता साठते आणि क्रोमॅटिन घट्ट ठेवणाऱ्या हिस्टोन डीअसेटिलेज या एन्झाइमांना रोखते. एचटी-२९ या बृहदांत्राच्या कर्करोगाच्या दुसऱ्या सेल लाइनसारख्या पेशींना ब्युटिरेट दिल्यास वाढ खुंटते, पी५३ बिघडलेले असूनही पी२१ वाढते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज चढते. केवळ ही यादी पाहिली तर कॅको-२ मधील घटनेशी ती जुळते. पण ब्युटिरेटने क्रोमॅटिन एकाच वेळी असंख्य ठिकाणी सैल होते आणि मात्रा वाढली की पेशी मरूही लागतात. त्यामुळे फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज वाढल्याच्या आधारावर विभेदन झाले असे म्हणणे मला मान्य नाही. किनार, ध्रुवता, घट्ट सांधे, विभाजनाचा विराम आणि खुणेची अनेक जनुके हे सारे एकत्र आणि योग्य क्रमाने यायला हवे. याच एचटी-२९ पेशींना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिले तर त्यांच्यातही शोषक पेशीची लक्षणे उमटतात, आणि तेथे चयापचयातील बदल हा परिणाम नसून प्रारंभ असू शकतो, हे लक्षात येते.

उपचारांच्या दृष्टीने या प्रकरणाचे वजन

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्लाने पेशींना परिपक्व करून आजार आटोक्यात आणता येतो, हे सिद्ध झालेले आहे. बृहदांत्राच्या गाठींसाठी तसे औषध आजवर हाती आलेले नाही. मात्र २०१५ मध्ये लुकास डाउ, स्कॉट लोवी आणि सहकाऱ्यांनी उंदरांत एपीसीचे कार्य हवे तेव्हा परत आणता येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा केरास आणि पी५३ बिघडलेले असतानाही गाठीतील पेशी विभाजन थांबवून विभेदित झाल्या, गाठी ओसरल्या आणि अस्तराची नेहमीची रचना परतली. या प्रयोगात दुरुस्ती मुळात झाली होती. कॅको-२ मध्ये मूळ तसेच राहते आणि केवळ परिस्थिती बदलते. दोन्ही उदाहरणांत परिपक्वतेचा कार्यक्रम कर्करोगपेशीतून पुसला गेलेला नसतो हे दिसते, पण टिकाऊपणाच्या बाबतीत त्यांना एका तराजूत घालता येत नाही. रुग्णाच्या शरीरातील गाठीत पेशी दाटीने असतातच, तरी ती वाढत राहते. संपर्क हाच निर्णायक असता तर तसे घडले नसते. गाठीतील सांधे सैल असतात, ध्रुवता बिघडलेली असते, भोवतालच्या पेशींकडून वाढीचे संदेश येत असतात, आणि सपाट पात्रातील शांत एकस्तरात यांतले काहीच नसते.

विकृतिशास्त्रज्ञ गाठीला सुविभेदित, मध्यम किंवा अल्पविभेदित म्हणतो तेव्हा तो ग्रंथींची रचना पाहत असतो. ९५ टक्क्यांहून अधिक भागात ग्रंथी असतील तर सुविभेदित, ५० टक्क्यांहून कमी भागात असतील तर अल्पविभेदित. जनुकांच्या यादीवरून केलेले विधान आणि काचपट्टीवरून केलेले हे विधान परस्परांच्या जागी वापरू नये.

पुढील तपासाची दिशा

या प्रकरणात मला सर्वांत निकडीचा वाटणारा प्रयोग साधा आहे. एकविसाव्या दिवसाच्या विभेदित पेशी ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने सुट्या करून पुन्हा विरळ पेराव्यात, आणि त्यांतली प्रत्येक पेशी पुन्हा विभाजित होते की मुळात अविभेदित राहिलेल्या मोजक्या पेशीच नवा थर उभा करतात, हे पेशीवर कायमची खूण करून पाहावे. पहिले खरे ठरले तर सुक्रेजचे चढणे ही उलटवता येणारी स्थिती आहे. दुसरे खरे ठरले तर बहुसंख्य पेशींनी परतीची वाट खरोखर सोडली आहे आणि धोका उरलेल्या थोड्या पेशींत आहे. त्याच मालिकेत ई-कॅड्हेरिनचे सांधे कॅल्शियम काढून तात्पुरते मोडावेत, आणि बीटा-कॅटेनिन केंद्रकात परतताच मिक प्रथम वर येते की सुक्रेज प्रथम खाली जाते, हे तासातासाला नमुने घेऊन नोंदवावे. क्रोमॅटिनच्या उघडेपणाचे मोजमाप याच नमुन्यांवर केले, तर सीडीएक्स२ आधीपासून हजर असूनही सुक्रेज का गप्प असते, याचाही उलगडा होण्याची शक्यता आहे.